तबकडीवर ठेवलेले बोट

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने, देशाने जपून ठेवावीत अशा ध्वनिमुद्रणांची एक नोंदवही चालू केली आहे. २००२ सालची तिची पहिली यादी २००३ च्या जानेवारीत जाहीर झाली. तीत पन्नास नोंदी होत्या. एडिसनच्या काळातली मुद्रणे, कारुसोचे गाणे, रूझवेल्टची रेडिओवरची भाषणे, मार्टिन ल्यूथर किंगचे १९६३ चे भाषण, माइल्स डेव्हिसचे 'काइंड ऑफ ब्लू'. या थोरामोठ्यांच्या पंक्तीत हिप-हॉपसाठी एकच पान मांडले होते, ते 'द मेसेज' या १९८२ च्या तबकडीचे. कलाकार म्हणून नाव 'ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह'.

आता गंमत पाहा. या तबकडीवर ग्रँडमास्टर फ्लॅशने काहीही वाजवलेले नाही. शब्द त्याचे नाहीत, चाल त्याची नाही, आणि ज्या हाताच्या वेगावरून त्याला 'फ्लॅश' हे नाव पडले तो हात तिला कुठेही लागलेला नाही. उलट ज्या कामात त्याचा हात खरोखर अजोड होता, त्याची नोंद कुठल्या कागदावर कशी करायची हेच त्या काळी कुणाला ठाऊक नव्हते. या माणसाच्या पन्नास वर्षांच्या कारकिर्दीकडे मला पाहायचे आहे ते या एका पेचामुळे.

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत हिप-हॉप हा शब्द बेसमेंटमधून वर आला. वर आई-वडील सुधीर फडके लावून बसलेले आणि खालून छत हादरते आहे, असा तो काळ. ती मुले आता स्वतः चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांच्या मुलांना शाळेत हिप-हॉप हा अभ्यासाचा विषय आहे. तेव्हा हा इतिहास घरात कुणाला तरी माहीत असलेला बरा. शिवाय तो परदेशातून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांनी घडवलेला आहे, आणि यातली बरीच ठिकाणे न्यूयॉर्क-न्यूजर्सीकरांच्या रोजच्या वाटेवरची आहेत.

फ्लॅशचे खरे नाव जोसेफ सॅडलर. जन्म १ जानेवारी १९५८, बार्बाडोसमधल्या ब्रिजटाऊनचा. क्रिकेटवेड्या मराठी वाचकाला ब्रिजटाऊन वेगळे सांगायला नको. त्याच जानेवारीत तिथे हनीफ महंमदने ३३७ धावांची ती न संपणारी खेळी केली, आणि चार वर्षांनी तिथेच आपल्या नरी काँट्रॅक्टरच्या डोक्याला चेंडू लागला. जोसेफ मात्र लहानपणीच न्यूयॉर्कला आला आणि ब्राँक्समध्ये वाढला. वडिलांना तबकड्यांचा नाद. कपाटभर संग्रह, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असा सक्त दंडक. वडील कामावर गेले की पोरगा कपाट उघडायचा. मग वडील परत आल्यावर मारही खायचा. हे त्याने २००८ साली आलेल्या आपल्या आत्मचरित्रात सविस्तर लिहिले आहे. ज्या वस्तूला हात लावला म्हणून मार बसायचा, त्याच वस्तूला हात लावून त्याने पुढे नाव मिळवले.

त्याचे दुसरे वेड विजेच्या वस्तूंचे. घरातला रेडिओ उघड, बहिणीचा हेअर ड्रायर उघड, असे चालायचे. आईने सरळ त्याला सॅम्युअल गॉम्पर्स व्होकेशनल हायस्कूलमध्ये घातले. तिथे त्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकायला मिळाले. आमच्यासारख्या, सोल्डरिंगच्या धुरात तरुणपण घालवलेल्या माणसाला या कथेचा हाच भाग सगळ्यांत जवळचा वाटतो. तो नीट समजून घेतला नाही तर पुढचे सगळे 'दुसऱ्याच्या तबकड्या लावणारा पोरगा' एवढ्यावरच येऊन थांबते.

आधी ब्राँक्सविषयी थोडे. रॉबर्ट मोझेस यांनी वस्त्यांच्या पोटातून क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे काढला. ज्यांना शक्य होते ते उपनगरांत निघून गेले. सत्तरच्या दशकात मालकांना भाड्यापेक्षा विम्याचे पैसे बरे वाटू लागले आणि इमारती जळू लागल्या. १९७० च्या शिरगणतीत ब्राँक्सची वस्ती पावणेपंधरा लाखांच्या आसपास होती, १९८० मध्ये ती पावणेबारा लाखांच्या आत आली. दहा वर्षांत तीन लाख माणसे कमी. शहराची तिजोरी १९७५ मध्ये दिवाळ्याच्या काठावर. अशा जागी राहिलेल्या पोरांना नाचायला पैसे लागणार नाहीत अशी करमणूक हवी होती.

ती दिली क्लाइव्ह कॅम्बेल ऊर्फ कूल हर्क या जमैकन मुलाने. तो १९६७ मध्ये किंग्स्टनहून आला, म्हणजे १९६५ च्या ज्या कायद्याने आपल्या डॉक्टर-इंजिनियरांना इथली दारे उघडली, त्याच्या पाठोपाठच. ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये त्याच्या बहिणीने पार्टी ठेवली, आणि हिप-हॉपचा वाढदिवस म्हणून आज हीच तारीख मानतात. हर्कचे निरीक्षण साधे होते. जेम्स ब्राउनसारख्यांच्या गाण्यात मधेच एक जागा येते. गाणारा गप्प होतो, बाकीची वाद्ये थांबतात, ड्रम तेवढे चालू राहतात. तिला ब्रेक म्हणतात. नाचणारी मुले त्याच जागेची वाट बघत असतात. मग तेवढीच जागा पुन्हा पुन्हा का लावू नये? हर्क एका तबकडीवरचा ब्रेक संपत आला की दुसऱ्या तबकडीवरच्या ब्रेकवर सुई टाकायचा.

पण सुई अंदाजाने पडायची. ठेका तुटायचा, नाचणाऱ्याचा पाय हवेत राहायचा. तरुण जोसेफला नेमके हेच खटकले. हर्कचा दणदणाट त्याला आवडला, पण जोड दिसत होती. शिंप्याने कापड सुंदर आणावे आणि शिवण बाहेर ठेवावी तसे. (त्याची आई शिवणकाम करायची, म्हणून ही उपमा सुचली.)

पुढची दोन-तीन वर्षे हा मुलगा खोलीतच असे. टाकून दिलेल्या गाड्यांतले स्पीकर, कचऱ्यातले अॅम्प्लिफायर, मिळेल ते आणून जोडायचे. त्याच्यापुढचे प्रश्न इंजिनियरचे होते आणि त्याने ते इंजिनियरसारखेच एकेक करून सोडवले.

पहिला प्रश्न: थाळी फिरत असताना तबकडी बोटाने थांबवता आली पाहिजे आणि सोडताक्षणी पुन्हा त्याच वेगाने फिरली पाहिजे. टर्नटेबलबरोबर रबराची चटई येते ती तबकडीला घट्ट धरून ठेवते. त्याने फेल्टचा तुकडा आणला, आईच्या स्टार्चचा फवारा मारून, इस्त्री करून तो कडक केला, आणि गोल कापून रबराच्या जागी ठेवला. आता थाळी खाली फिरत राहते, तबकडी वर बोटाखाली थांबते. हाताशी मोटरही दमदार लागते, नाहीतर बोट ठेवताच थाळीच मंदावते.

दुसरा प्रश्न सुईचा. चांगल्या आवाजासाठी लंबगोल टोकाची सुई वापरतात. पण तबकडी मागे-पुढे केली की ती खाचेतून उडी मारते. साध्या गोल टोकाची सुई आवाजाला जरा कमी, पण खाच सोडत नाही. त्याने आवाजाचा मोह सोडला.

तिसरा प्रश्न महत्त्वाचा: ब्रेकची सुरुवात न चुकता सापडायची कशी? त्याने तबकडीवर, नेमक्या जागी, रंगीत खडूने रेघ मारली. घड्याळाच्या काट्याकडे बघावे तसे त्या रेघेकडे बघायचे आणि फेरे मोजायचे. हिशेब सोपा आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. दहा सेकंदांचा ब्रेक म्हणजे साडेपाच फेरे. सुई उचलायचीच नाही; तबकडीला बोट लावून साडेपाच फेरे उलटे फिरवायचे, की काटा पुन्हा जाग्यावर. एकाच तबकडीच्या दोन प्रती घ्यायच्या. एक वाजते आहे तोवर दुसरी मागे न्यायची, मग हिला सोडायचे आणि तिला मागे न्यायचे. दहा सेकंदांचे ड्रम दहा मिनिटे चालतात आणि सांधा ऐकू येत नाही. तबकडीच्या खाचांवर बोट ठेवणे हे तेव्हा संग्रहकांच्या दृष्टीने पाप होते. तबकडी कडेने धरायची, हे आपल्याकडेही एचएमव्हीच्या काळात घरोघरी पोरांना बजावले जाई.

चौथा प्रश्न, दुसरी तबकडी लोकांना ऐकू न जाता आपल्या कानात आधी कशी ऐकायची. त्याने मायक्रोफोनच्या एका साध्या मिक्सरवर एक दुहेरी खटका गोंदाने चिकटवला, आधी एक छोटा प्रवर्धक जोडला आणि हेडफोन लावला. खटका इकडे केला की ही तबकडी कानात, तिकडे केला की ती.

इथे इतिहासाला धरून एक गोष्ट सांगायला हवी, कारण फ्लॅशच्या मुलाखती ऐकून असा समज होतो की हे सगळे जगात त्यानेच प्रथम केले. तसे नाही. मॅनहॅटनच्या 'सँक्च्युअरी' नावाच्या क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो हा डीजे १९७० च्या सुमारास तबकडी बोटाने धरून ठेवणे आणि हेडफोनवर आधी ऐकणे, दोन्ही करत होता. अॅलेक्स रोझनर यांनी १९७१ मध्ये त्यासाठी खास मिक्सरही बांधला होता. पण ते क्लब आणि हा पोरगा यांच्यामध्ये भूमिगत रेल्वेची काही स्टेशने होती, आणि ती अंतरे भाड्याच्या पैशांत मोजायची नसतात. त्याने ते स्वतःच्या खोलीत नव्याने शोधले. आणि खडूची रेघ, मोजलेले फेरे, ठेक्याला ठेका लावून ब्रेक लांबवत नेणे, ही त्याची खास भर. तबकडी मागे-पुढे घासून 'झ्विक झ्विक' आवाज काढण्याचे श्रेय मात्र लिव्हिंग्स्टन कुटुंबातल्या थिओडोरचे. त्याचा मोठा भाऊ जीन फ्लॅशचा भागीदार होता, आणि फ्लॅशची कला पाहत पाहत हा तयार झाला.

मग एक दिवस हे सगळे त्याने लोकांपुढे मांडले. आणि कुणी नाचेना. माणसे जवळ येऊन उभी राहिली आणि त्याच्या हातांकडे टक लावून बघत राहिली. फ्लॅशने अनेकदा सांगितले आहे की त्या दिवशी घरी जाऊन तो रडला. अचूकता लोकांच्या डोक्यापर्यंत पोचली होती, पायापर्यंत नाही.

त्याने काढलेला उपाय या सगळ्या कथेचा कणा आहे. लोकांचे लक्ष हातावरून हटवायला त्याने बोलणारा माणूस उभा केला. कीथ विगिन्स ऊर्फ काउबॉय हा गर्दीला हाका मारून हात वर करायला लावण्यात पटाईत. पाठोपाठ मेल्व्हिन आणि नॅथॅनिएल ग्लोव्हर हे भाऊ आले, म्हणजे मेली मेल आणि किड क्रिओल. नंतर स्कॉर्पिओ आणि रहीम. पाच जण फ्लॅशच्या ठेक्यावर आलटून पालटून, एकमेकांची वाक्ये उचलत यमके जुळवू लागले. १९७६ मध्ये ज्या ऑडुबॉन बॉलरूममध्ये अकरा वर्षांपूर्वी माल्कम एक्सचा खून झाला होता, तो प्रचंड हॉल यांनी भरवला. त्या काळी डीजे हाच यजमान. जाहिरातीच्या कागदावर त्याचे नाव मोठे, बोलणाऱ्यांची बारीक. साथीला म्हणून बोलावलेला माणूस गायक होऊन बसेल असे कुणाच्या मनातही नव्हते.

ते घडवले तबकडीच्या धंद्याने. न्यूजर्सीतल्या एंगलवुडला सिल्व्हिया रॉबिन्सन आणि त्यांचे पती जो यांची शुगर हिल रेकॉर्ड्स ही कंपनी होती. जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडला की आलेच एंगलवुड. सिल्व्हियाबाई स्वतः गायिका. १९५० च्या दशकात आणि पुन्हा १९७३ मध्ये त्यांची गाणी गाजलेली. १९७९ मध्ये त्यांनी तीन मुले गोळा करून 'रॅपर्स डिलाइट' काढले आणि ते जगभर खपले. त्यात डीजे नव्हताच. शिकचे 'गुड टाइम्स' वादकांना पुन्हा वाजवायला लावून त्यावर शब्द चढवले होते. स्टुडिओत पगारी वादक असले की टर्नटेबलवाल्याचे काय काम? ब्राँक्सच्या पोरांना हे गाणे नकली वाटले. पण बाजाराचा निकाल लागला होता. फ्लॅश आणि त्याचे पाच जण आधी हार्लेमच्या बॉबी रॉबिन्सन यांच्या एन्जॉय कंपनीसाठी एक तबकडी करून मग शुगर हिलकडेच आले. तिथे त्यांची गाणी कंपनीच्या वादकांनी वाजवली. दौऱ्यावर फ्लॅश मध्यभागी उभा. स्टुडिओत त्याला बसायला खुर्ची.

याला एकच अपवाद झाला, पण काय अपवाद! १९८१ ची 'द अॅडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील'. सात मिनिटे, तीन टर्नटेबले, शिकपासून क्वीनपर्यंतच्या तबकड्या, आणि सगळे हाताने एका सलग फेरीत. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. तबकड्यांचे तुकडे जोडून तयार झालेली तबकडी, आणि तिच्यावर कलाकार म्हणून नाव डीजेचे, हे तोवर ऐकिवात नव्हते. त्यात ब्लाँडीचे 'रॅप्चर'ही आहे. त्या गाण्यात डेबी हॅरीने फ्लॅशच्या वेगाचे नाव घेऊन कौतुक केले होते, आणि ते त्याच वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले होते. फ्लॅशने आपल्या नावाची ती ओळ आपल्याच बोटांखाली फिरवली. ही तबकडी फारशी खपली नाही. पण नंतरच्या कित्येक डीजेंनी सांगितले आहे की त्यांची शाळा म्हणजे ती सात मिनिटे. मला विचाराल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्या पहिल्या यादीत हीच घ्यायला हवी होती.

त्याच उन्हाळ्यात टाइम्स स्क्वेअरच्या 'बाँड्स'मध्ये क्लॅश या इंग्लिश बँडचे कार्यक्रम झाले. त्यांनी मोठ्या प्रेमाने फ्लॅशच्या मंडळींना आधी वाजवायला बोलावले होते. क्लॅशच्या गोऱ्या श्रोत्यांनी यांच्यावर कागदी पेले फेकले. ब्राँक्सपासून टाइम्स स्क्वेअर किती लांब होते याची मोजदाद करायची तर या संध्याकाळीचा दाखला पुरे.

मग 'द मेसेज'. एड फ्लेचर ऊर्फ ड्यूक बूटी हा शुगर हिलचा तालवादक. न्यूजर्सीतल्या एलिझाबेथ गावात, आईच्या घराच्या बेसमेंटमध्ये त्याने हे गाणे रचायला घेतले. फुटक्या काचा, उंदीर, हप्ते थकलेल्या गाडीची जप्ती. फ्लॅशच्या मंडळींना ते नको होते. लोक नाचायला येतात, त्यांना घरचेच रडगाणे कशाला ऐकवायचे, हा त्यांचा विचार त्यांच्या अनुभवाला धरून होता. सिल्व्हियाबाई हटून बसल्या. शेवटी मेली मेल तयार झाला. त्याने १९७९ च्या जुन्या गाण्यातले आपलेच एक दीर्घ कडवे शेवटी जोडले, आणि त्या कडव्याने गाणे अमर केले. बाकीच्यांतले काही शब्द ड्यूक बूटीच्या आवाजात. व्हिडिओत त्याच्या ओळींवर ओठ हलवतो तो रहीम! आणि आवरणावर नाव फ्लॅशचे आणि फ्युरियस फाइव्हचे, कारण खपणारे नाव ते होते.

गाणे अमेरिकेच्या मुख्य यादीत ६२ व्या क्रमांकाच्या वर गेले नाही. पण रॅपमधून गंभीर काही सांगता येते हे त्याने सिद्ध केले. नाचाच्या पार्टीतून निघालेली कला शब्दांची झाली ती इथे. या तबकडीने फ्लॅशला जगात नेले, आणि डीजेची गरज नाही हेही तिनेच जगाला पटवले.

भांडण अटळ होते. १९८३ मध्ये फ्लॅशने थकलेल्या रॉयल्टीसाठी आणि नावाच्या हक्कासाठी शुगर हिलवर दावा लावला. गट दुभंगला. रहीम आणि किड क्रिओल फ्लॅशबरोबर इलेक्ट्रा कंपनीत गेले, मेली मेल शुगर हिलमध्येच राहिला. त्याच वर्षी 'व्हाइट लाइन्स' हे गाणे आले ते 'ग्रँडमास्टर अँड मेली मेल' अशा नावाने. फ्लॅश हा शब्द काढलेला, ग्रँडमास्टर ठेवलेला. घेणाऱ्याने काय समजायचे ते समजावे. फ्लॅशचा त्यातही हात नव्हता. आजही अनेक संग्रहांत ते गाणे त्याच्या नावावर सापडते. पुढे मेल स्वतःला ग्रँडमास्टर मेली मेल म्हणवू लागला, आणि १९८५ पासूनच्या इलेक्ट्राच्या तबकड्या नुसत्या 'ग्रँडमास्टर फ्लॅश' या नावाने निघाल्या. माणसाला आपले नाव वापरायला वकील करावा लागला. आपल्याकडे नाटक कंपनी फुटली की जुनी पाटी कुणाकडे यावरून किती रामायणे झाली ते आठवा.

त्या इलेक्ट्राच्या तबकड्यांविषयी लिहिण्यासारखे फार नाही. तोवर रन-डीएमसीसारखी नवी मुले नुसत्या ड्रम मशीनवर आणि चढ्या आवाजात पुढे निघून गेली होती. मागे वळून हे विचित्रच वाटते, कारण ड्रमचा हाताने वाजवायचा डबा फ्लॅशने आपल्या पार्ट्यांत फार आधी आणला होता. त्यातच कोकेनने त्याला धरले. आपल्या पुस्तकात त्याने ते दिवस काही न लपवता लिहिले आहेत. १९८८ मध्ये सगळे पुन्हा एकत्र आले, एक अल्बम झाला, चालला नाही. दुसऱ्या वर्षी काउबॉय वारला. वय तिशीच्या आतले.

इथे ही कथा संपायला हरकत नव्हती. त्या पिढीतल्या कित्येकांची तिथेच संपली. फ्लॅशला तारले त्याच्या पहिल्या विद्येने. गाण्याची फॅशन जाते. दोन तबकड्या हाताने जोडणारा माणूस आठवड्याच्या शेवटी कुठल्या ना कुठल्या शहरात लागतोच. तबकड्या विकून त्याला जे मिळाले नाही ते तबकड्या वाजवून मिळू लागले. १९९७ ते २००० या काळात ख्रिस रॉकच्या एचबीओवरील कार्यक्रमात तो संगीत सांभाळत होता, आणि त्याआधी-नंतर युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया असे दौरे चालूच राहिले. दौरा करणाऱ्या डीजेची हमाली बाहेरून कळत नाही. आवरणासकट एक एलपी पाव किलोची धरली, तर ऐंशी तबकड्यांची एक पेटी वीस किलोंची होते; आणि रात्रभराला एक पेटी पुरत नाही. भारताच्या प्रवासात बॅगेच्या वजनावरून विमानतळावर घाम फुटलेल्या आपल्या लोकांना हे सांगायला नको. पुढे लॅपटॉप आला. तबकडीवर आता गाणे नसते, नुसता खुणेचा आवाज असतो, तो वाचून संगणक गाणे मागे-पुढे करतो. हाताची हालचाल मात्र तीच, १९७५ च्या खोलीतली.

मानसन्मान उशिरा आणि एकदम आले. २००७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलेला हिप-हॉपचा पहिला गट म्हणजे फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्ह. २०१९ मध्ये स्टॉकहोमला स्वीडनच्या राजाच्या हस्ते त्याला पोलर संगीत पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार १९९८ मध्ये रे चार्ल्सबरोबर आपल्या पंडित रविशंकरांना मिळाला होता. म्हणजे सतारीच्या आणि टर्नटेबलच्या हातांना एकाच तागडीत तोलणारी एक संस्था जगात आहे. कुणाला हे खटकेल. पण वाद्य कशाला म्हणायचे? जे हाताच्या रियाजाने बोलते ते वाद्य, अशी व्याख्या केली तर टर्नटेबल त्यात बसते. कारखान्याने ते त्यासाठी बनवले नव्हते एवढेच. हार्मोनियमलाही एके काळी आकाशवाणीने परके म्हणून बाहेर ठेवले होते.

हे सगळे फ्लॅशच्या बाजूने झाले. पण त्याच्याकडे पुरावा मागणारेही आहेत, आणि त्यांचेही ऐकले पाहिजे. ज्या ब्रेकवर हे साम्राज्य उभे राहिले ते कुणी वाजवले होते? जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधला (१९७०) ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड. त्याचा तो ठेका शेकडो गाण्यांत फिरला आणि २०१७ मध्ये तो वारेपर्यंत त्याला त्यातून जवळपास काहीच मिळाले नाही. विन्स्टन्स या गटाच्या १९६९ च्या 'आमेन, ब्रदर'मध्ये ग्रेगरी कोलमनने वाजवलेले सहा-सात सेकंद जगात सर्वांत जास्त उचलल्या गेलेल्या ठेक्यांपैकी आहेत. तो २००६ मध्ये बेघर असताना गेला. फ्लॅश तर दुकानातून विकत घेतलेल्या तबकडीवरचे नाव पाण्याने भिजवून खरवडून काढायचा, दुसऱ्या डीजेंना गाणे ओळखता येऊ नये म्हणून! त्या काळचे सगळेच डीजे ते करत. शुगर हिलने फ्लॅशचे नाव त्याने न वाजवलेल्या गाण्यावर लावले. फ्लॅशने वाजवणाऱ्यांची नावे धुऊन टाकली. दोन्हींत फरक आहे. एकाने त्यातून कंपनी चालवली, दुसऱ्याने शनिवारची पार्टी. पण फरक प्रमाणाचा आहे, हे मान्य करायला हवे.

आणि हा प्रश्न आपल्याही अंगणात आला. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या गायिकेचे 'अॅडिक्टिव्ह' हे गाणे अमेरिकेतल्या रेडिओवर दिवसरात्र वाजत होते. डीजे क्विक या निर्मात्याने त्याच्या पायाशी एक जुने हिंदी गाणे ठेवले होते: 'ज्योती' (१९८१) मधले 'थोडा रेशम लगता है', आवाज लता मंगेशकरांचा, संगीत बप्पी लाहिरींचे. त्या सुमारास न्यूजर्सीत गाडी चालवताना रेडिओवर अचानक लताबाई ऐकू आल्याने कित्येकांनी आवाज वाढवला असेल. तबकडीच्या आवरणावर मात्र ना बाईंचे नाव, ना लाहिरींचे. सारेगामा कंपनी आणि लाहिरी कोर्टात गेले, आणि २००३ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी लाहिरींचे नाव घातल्याशिवाय विक्री करू नये असा हुकूम दिला. पैशांचा आकडा पेपरांत खूप गाजला, पण हुकूम होता तो नावाच्या एका ओळीसाठी.

शुगर हिल १९८० च्या दशकाच्या मध्यात बंद पडली आणि एंगलवुडचा तिचा स्टुडिओ २००२ मध्ये आगीत गेला. सिल्व्हियाबाई २०११ मध्ये वारल्या. ड्यूक बूटी पुढे शिक्षक झाला, जॉर्जियातल्या सव्हाना गावी कॉलेजात शिकवत होता. तो २०२१ च्या जानेवारीत गेला, तेव्हा अनेक वृत्तपत्रांना 'द मेसेज' खरोखर कुणी लिहिले हे मथळ्यात सांगावे लागले. फ्लॅशने अलीकडच्या वर्षांत व्याख्यानासारखा एक कार्यक्रम चालवला आहे. त्यात तो जुनी छायाचित्रे आणि चित्रफिती दाखवतो, कुठली तबकडी कुठून आली, ड्रम कुणाचे, बास कुणाचा, हे नावांनिशी सांगतो, आणि मग ती तबकडी लावतो.